आधी नोंद, मग स्कॅन

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दुपारी चारच्या सुमाराला एक शिक्षक आले आणि त्यांनी ‘वाऱ्यावरची वरात’ मागितलं. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी हवं होतं. देवघेवीच्या टेबलावर नवीन लागलेली मुलगी होती. तिनं संगणकावर नाव टाईप केलं. उत्तर आलं, नोंद आढळली नाही. पुन्हा टाईप केलं, पुन्हा तेच. सर निघायच्या बेतात होते. तेवढ्यात पुस्तकं लावत असलेले शिपाईमामा नाटकांच्या कपाटाकडे गेले आणि मिनिटाभरात दोन प्रती घेऊन आले. एक जुनी, कापडी बांधणीची, दुसरी अलीकडची. मामांनी संगणकाला आजवर बोटही लावलेलं नाही.

वरात नेमकी कुठे अडकली होती, हे शोधायला माझा अर्धा दिवस गेला. दोष ‘ऱ्या’मध्ये होता. हे अक्षर संगणकाच्या पोटात दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एकीत खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसरीत साधा ‘र’, मग हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, कागदावर छापले तरी फरक कळत नाही. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. दहा वर्षांपूर्वी ज्या मुलानं यादी भरली त्याचा कळफलक एका वळणाचा, आताच्या मुलीचा दुसऱ्या. ‘ॲ’ची कथाही अशीच आहे. म्हणजे पुस्तक कपाटात होतं, संगणकातही होतं, आणि तरीही ते ‘नव्हतं’.

सार्वजनिक ग्रंथालयं आणि ऑनलाइन माहिती हा विषय निघाला की बोलणं लगेच स्कॅनर, ॲप, क्यूआर कोड, वातानुकूलित ई-वाचन कक्ष यांच्याकडे वळतं. उद्घाटनाचे फोटोही त्यांचेच निघतात. या विषयात नव्यानं पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला, ग्रंथपालाला किंवा वाचनालयाच्या कार्यकारिणीवर नुकत्याच आलेल्या उत्साही सभासदाला मी मनापासून या म्हणतो, पण दार दाखवतो ते वेगळं. ते दार नोंदीचं आहे. एखादं पुस्तक कुठेतरी आहे हे हवं त्या माणसाला हवं तेव्हा कळावं, यासाठी कुणीतरी बसून लिहिलेल्या चार ओळी. ग्रंथालयाचं निम्मं शास्त्र या चार ओळींत आहे, आणि अंतरजालाच्या काळात ते कमी झालेलं नाही, उलट जास्तच लागू लागलं आहे.

आपल्याकडचं सार्वजनिक ग्रंथालय इंटरनेटला दीडशेहून अधिक वर्षांनी वडील आहे. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८चं. पणजीचं, आज ज्याला कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणतात ते, १८३२चं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं. पणजीची कुळकथा पोर्तुगीज आहे. बाकीची पहिली पिढी ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’च्या वळणाची, इंग्रजी ग्रंथांना मान देणारी. मराठी पुस्तकंही गोळा करून जपायची असतात, हा आग्रह नंतर आला. विशी नुकतीच ओलांडलेल्या विनायक लक्ष्मण भाव्यांनी १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं करण्यात पुढाकार घेतला, आणि १८९८ साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं. भाव्यांनी पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा वाङ्मयाचा इतिहास लिहिला, हा मला योगायोग वाटत नाही. आधी जमवणं, मग मांडणं आणि त्यानंतर इतिहास, असा तो क्रम आहे.

‘ग्रंथालयानं लोकांपर्यंत जावं’ हे वाक्य आज डिजिटल सेवांच्या प्रत्येक प्रस्तावात असतं. ते नवं नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला लावलं. त्यात फिरती ग्रंथालयं होती. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या गावोगाव धाडायच्या, वाचून झाल्या की परत मागवायच्या आणि पुढच्या गावी पाठवायच्या. या योजनेत पेटीइतकंच महत्त्व होतं पेटीबरोबरच्या यादीला. यादी नसती तर पेटी म्हणजे नुसतं ओझं. आज सर्व्हरवर चढवलेल्या लाखो फायली पाहताना मला ती पेटी आठवते आणि मी पहिल्यांदा यादी मागतो.

महाराष्ट्रातल्या वाचनालयांची घडण समजून घेतल्याशिवाय इथला डिजिटल प्रश्न कळत नाही, म्हणून इथे जरा थांबू. १९४८च्या मद्रास कायद्यानं आणि पुढे कर्नाटकाच्या कायद्यानं ग्रंथालयासाठी वेगळा उपकर बसवला, आणि तिथली ग्रंथालयं बरीचशी सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणांच्या हाती राहिली. गोव्याच्या १९९३च्या कायद्यानं तर उपकरासाठी मद्याकडे बोट दाखवलं. वाचन आणि पान यांची अशी सांगड दुसरीकडे क्वचितच दिसेल. महाराष्ट्राच्या १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात उपकर नाही. आपल्याकडे वाचनालय चालवते ती संस्था. तिची घटना, तिची कार्यकारिणी, तिचे अध्यक्ष, चिटणीस, वार्षिक सभा, आणि सभेत होणारी भांडणंही तिचीच. सरकार मान्यता देतं, ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ असा वर्ग देतं आणि वर्गाप्रमाणे परिरक्षण अनुदान देतं. अशी शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं राज्यात अकरा हजारांहून अधिक आहेत.

या पद्धतीचा मला अभिमान आहे आणि तीच आपली अडचणही आहे. अभिमान अशासाठी की गावानं वर्गणी काढून, कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या देवळाच्या ओवरीत सुरू केलेली वाचनालयं आजही गावाची आहेत. ग्रंथपाल सुट्टीवर गेला तर निवृत्त पोस्टमास्तर येऊन देवघेव सांभाळतात. अडचण अशी की अकरा हजार संस्थांनी अकरा हजार तऱ्हांनी नोंदी केल्या. संगणक आला तेव्हा प्रत्येकीनं आपापल्या ओळखीच्या माणसाकडून सॉफ्टवेअर घेतलं. तो माणूस गाव सोडून गेला की पासवर्डही गेला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ‘ई-ग्रंथालय’ आणि फुकट मिळणारं ‘कोहा’ नंतर ठिकठिकाणी रुजू लागलं. कोहाची गोष्ट मी वर्गात नेहमी सांगतो. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या छोट्या ग्रंथालयांची जुनी संगणक प्रणाली २००० सालच्या तारखेला तग धरणार नव्हती. महागडं सॉफ्टवेअर परवडेना, म्हणून त्यांनी स्वतःसाठी नवं लिहून घेतलं आणि जगाला मोफत वापरू दिलं. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. बड्या विद्यापीठाला सुचलं नाही ते आडगावच्या वाचनालयाला सुचलं, हे ऐकून आमच्या ‘ड’ वर्गातल्या ग्रंथपालांचे डोळे चमकतात.

सॉफ्टवेअर बदलता येतं. यादीतली अक्षरं बदलणं कठीण. नव्वदच्या दशकात आणि पुढची काही वर्षं आपण मराठी टाईप केलं ते युनिकोडमध्ये नव्हे. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा फॉन्टांमध्ये मराठी अक्षराचं नुसतं चित्र असे, आणि ते बसवलेलं असे रोमन अक्षराच्या घरात. फॉन्ट असेल तोवर मराठी दिसायचं. नवा संगणक आला, फॉन्ट नसला, की त्याच यादीत कंस, टक्के आणि उद्गारचिन्हांचा पाचोळा. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार एक घर सरकतो. मी पाहिलेल्या एका यादीत ‘धर्म’ या शब्दाची इतकी रूपं झाली होती की विषयाला साजेसं वाटावं. हसून झाल्यावर ती यादी ओळ न् ओळ दाखलनोंदवहीशी ताडून पाहावी लागली. दोन माणसं, एक मोठ्यानं वाचणारा आणि एक पडद्यावर बोट ठेवणारा, तीन महिने. कुठल्याही प्रकल्प अहवालात या कामाला नाव नसतं, म्हणून त्याला पैसेही नसतात.

अक्षरांनंतर येतं शुद्धलेखन. १९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ‘गांव’, ‘नांव’, ‘कांहीं’ आहेत. त्रिंबक नारायण आत्र्यांचा १९१५चा ग्रंथ छापला गेला ‘गांव-गाडा’ म्हणून. आजचा विद्यार्थी शोधतो ‘गावगाडा’. अनुस्वार एक, मधली रेघ एक, आणि ग्रामव्यवस्थेवरचा मराठीतला हा मोलाचा ग्रंथ त्याच्या पडद्यावर उमटतच नाही. नोंद करणाऱ्यानं काय करायचं? मुखपृष्ठावर आहे तसंच लिहायचं, कारण नोंद म्हणजे साक्ष. आणि शेजारी आजचं रूपही द्यायचं, कारण नोंद म्हणजे वाटाड्याही. दोन्ही करायला दहा सेकंद जास्त लागतात.

लेखकांच्या नावांत तर आपला समाज फार हौशी. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावानं लिहिली, कविता गोविंदाग्रज म्हणून, विनोद बाळकराम म्हणून. ‘नटसम्राट’ लिहिणारे वि. वा. शिरवाडकर आणि ‘विशाखा’चे कवी कुसुमाग्रज एकच, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. संगणकाला सांगावं लागतं. जुन्या तालिकेत यासाठी ‘पाहा’ची कार्डं असत : गोविंदाग्रज – पाहा : गडकरी, राम गणेश. संगणकीकरणाच्या घाईत अनेक ठिकाणी पुस्तकांची कार्डं भरली गेली आणि ‘पाहा’ची कार्डं रद्दीत गेली, कारण त्यांना दाखल क्रमांक नव्हता. ज्या कार्डावर पुस्तक नाही ते कार्ड निरुपयोगी, असा सरळ हिशोब झाला. माझ्या लेखी ग्रंथपालाची सगळी हुशारी त्याच कार्डांत होती.

या कामाला मराठीत थोर वडीलधारी माणसं लाभली आहेत, आणि नव्यानं येणाऱ्यानं त्यांतल्या एकाशी तरी ओळख करून घ्यावीच. शंकर गणेश दाते. त्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली. ती चाळीसच्या दशकात प्रसिद्ध झाली. पुढच्या १९५०पर्यंतच्या ग्रंथांची सूची १९६१ला आली. संगणक नव्हता, झेरॉक्स नव्हतं. ग्रंथालयांत जायचं, पुस्तक प्रत्यक्ष हातात घ्यायचं, पानं मोजायची, चिठ्ठीवर उतरवायचं. आज एखादं जुनं मराठी पुस्तक ‘होतं की नव्हतं’ असा वाद निघाला तर अजून दात्यांची सूची उघडली जाते. कुठलीही शोधयंत्रणा तिच्याइतक्या ठामपणे ‘नाही’ म्हणू शकत नाही. शोधयंत्रणेचं ‘नाही’ म्हणजे ‘मला दिसलं नाही’. दात्यांचं ‘नाही’ म्हणजे ‘मी जाऊन पाहिलं, तिथे नव्हतं’.

नोंदीविना स्कॅन केलं की काय होतं, याचा मोठा धडा आपल्या देशात एकदा घडून गेला आहे. या शतकाच्या सुरुवातीला ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा प्रकल्प सुरू झाला. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतलं कार्नेगी मेलन विद्यापीठ यांचा त्यात मोठा वाटा. इंग्रजी आणि भारतीय भाषांतली मिळून सुमारे साडेपाच लाख पुस्तकं त्यातून स्कॅन झाली, त्यांत मराठी भरपूर. काम अचाट होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण शीर्षकं लिहिली रोमन अक्षरांत, आणि तीही ऑपरेटरला जशी वाचता आली तशी. लेखकाच्या जागी संपादक, वर्षाच्या जागी किंमत, मधली पानं गायब. मराठी पुस्तक शोधायचं तर ते न कळणाऱ्या माणसानं कसं लिहिलं असेल, याचा अंदाज बांधत बसायचं. पुढे स्वामित्वहक्काचे प्रश्न आले, संकेतस्थळ बंद पडलं, आणि फायली वाचल्या त्या इंटरनेट आर्काइव्हवर कुणी उतरवून ठेवल्या म्हणून. मी स्वतः त्या साठ्यातून अनेक दुर्मिळ पुस्तकं मिळवली आहेत, त्यामुळे तक्रार करताना जीभ जरा अडखळते. तरीही, पंचवीस टक्के कमी पुस्तकं स्कॅन करून उरलेला वेळ नोंदींवर घालवला असता तर हा साठा दहापट लोकांच्या उपयोगी पडला असता, असं माझं मत आहे. आकडे माझ्या अंदाजाचे, मत पक्कं.

त्यानंतर चित्र बदललं, हेही सांगायला हवं. विश्वकोश आज कुणालाही फोनवर वाचता येतो. राज्य मराठी विकास संस्थेनं दुर्मिळ ग्रंथ खुले केले, साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली प्रकाशनं ई-पुस्तकरूपात मोफत दिली, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनं ‘ग्रंथसंजीवनी’ उभारली, आणि खरगपूरच्या आयआयटीनं चालवलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली सगळ्यांसाठी रीतसर सुरू झालं. पण ही सगळी दारं वेगवेगळ्या रस्त्यांवर आहेत. कुठलं पुस्तक कुठल्या दारामागे, हे सांगणारा माणूस वाचकाला लागतो, आणि तो बहुधा कोपऱ्यावरच्या वाचनालयातच भेटतो.

आता एक गोष्ट, जी या क्षेत्राबाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर, पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. खांडेकर १९७६ला गेले. त्यांच्यासाठी २०३६ संपेपर्यंत थांबायचं. पु. ल. २००० साली गेले. त्यांच्या पुस्तकांचा हक्क २०६०च्या अखेरीपर्यंत. याचा परिणाम असा, की मराठीतलं जे ऑनलाइन मोफत वाचायला मिळतं ते एक तर फार जुनं किंवा अगदी कालपरवाचं. मधला काळ, म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांतली कथा, कादंबरी, आत्मचरित्र, दलित साहित्य, ग्रामीण साहित्य, स्त्रियांचं लेखन, दिवाळी अंक, हे सारं पुष्कळ अंशी कागदावर आहे. त्यातलं बरंचसं दुकानांत मिळत नाही. ते आहे वाचनालयांच्या कपाटांत, आणि ते तिथे आहे हे अंतरजालाला ठाऊक नाही.

या पोकळीत काय शिरतं, ते आपण रोज फोनवर पाहतो. दर आठवड्याला एखादा तरी वाचक टेबलापाशी येतो, व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर पुढे करतो आणि विचारतो, “हे पु. लं.चंच ना हो?” कधी नाव व. पुं.चं असतं, कधी कुसुमाग्रजांचं. मजकूर गोडगोड, उपदेशानं ओथंबलेला, आणि पु. लं.नी जन्मात लिहिला नसता असा. पण ‘वाटत नाही’ हे काही उत्तर झालं नाही. मग पुस्तकं काढायची, अनुक्रमणिका पाहायची, लेख चाळायचे. दोन दिवसांनी वाचकाला सांगायचं, आमच्याकडच्या पुस्तकांत हे कुठेच सापडलं नाही, पाहिलेल्या पुस्तकांची यादी ही घ्या. एका काकांनी ती यादीच फोटो काढून आपल्या गटावर टाकली. गटात भांडण झालं म्हणे. संदर्भसेवा या शब्दाची याहून जिवंत व्याख्या मला माहीत नाही, आणि ‘डिजिटल सहभाग’ म्हणतात तो हाच असावा.

कायद्यानं ग्रंथालयांना थोडी मोकळीकही दिली आहे, ती ग्रंथपालांना बहुधा माहीत नसते. जे पुस्तक ग्रंथालयाकडे कागदावर आहे, त्याची जतनासाठी डिजिटल प्रत बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालय ठेवू शकतं; २०१२च्या दुरुस्तीनं ही सोय झाली. भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या ग्रंथालयाच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती काढायचीही मुभा आहे. याचा अर्थ संकेतस्थळावर टाकून मोकळं व्हा असा मुळीच नाही. पण वाळवीनं खाण्याआधी एक प्रत करून ठेवायला कुणाची परवानगी मागत बसायला नको. ई-पुस्तकांच्या बाबतीत मात्र वाट अरुंद आहे. परदेशात ग्रंथालयं प्रकाशकाकडून ई-पुस्तकाचा परवाना घेऊन वाचकांना ते ठरावीक दिवसांसाठी देतात, आणि तिथेही सगळं सुरळीत नाही : २०११ साली हार्परकॉलिन्सनं अट घातली की एक ई-पुस्तक २६ वेळा दिलं गेलं की संपलं, पुन्हा विकत घ्या. ग्रंथपाल भडकले, कारण त्यांच्या कपाटातली कागदी पुस्तकं २६ वाचकांनंतरही धडधाकट होती. मराठी प्रकाशक आणि ग्रंथालयं यांच्यात अशा परवान्याची रुळलेली पद्धतच अजून नाही. हे पुढच्या पिढीचं काम आहे.

विषयवारीबद्दल थोडक्यात. ड्यूईच्या दशांश पद्धतीत इंग्रजी कादंबरीला ८२३ हा तीन आकडी क्रमांक, मराठी कादंबरीला ८९१.४६३. आपण ‘इतर भाषां’च्या कप्प्यात, आणि तिथे पोचल्यावरही ‘रणांगण’ आणि ‘फकिरा’ एकाच आकड्याखाली. रंगनाथनांना ड्यूईचं हे आखडलेपण खटकलं. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९२४ साली आलेल्या या गणिताच्या प्राध्यापकानं पुढे आपली वेगळी वर्गीकरण पद्धत काढली आणि १९३१ साली पाच नियम मांडले. त्यांतला एक वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे, एक पुस्तकाला त्याचा वाचक गाठून देण्याबद्दल. कागदी पुस्तक एकाच फळीवर उभं राहू शकतं. संगणकातली नोंद एकाच वेळी दहा फळ्यांवर. ‘फकिरा’ला वारणेचा प्रदेश, मातंग समाज, दुष्काळ, बंड असे शब्द जोडून ठेवले तर कादंबरी न शोधणारा अभ्यासकही तिच्यापाशी पोचतो. असे शब्द कोण जोडणार? ज्यानं पुस्तक वाचलंय तो. म्हणजे पुन्हा माणूस आला.

आणि वाचक कुठे आहेत? संध्याकाळी कुठल्याही तालुक्याच्या वाचनालयात जा. खाली देवघेव विभागात चारपाच ज्येष्ठ नागरिक, वर अभ्यासिकेत साठ मुलंमुली, पाय ठेवायला जागा नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी ही मुलं घरून डबा आणतात, वीजजोडणीच्या जवळची जागा पकडायला सकाळी सहाला येतात, आणि दिवसभरात वाचनालयाच्या एकाही पुस्तकाला हात लावत नाहीत. त्यांना हवी शांतता आणि वायफाय. जुने कार्यकर्ते यावर नाराज असतात : हे काय वाचक झाले? मीही काही वर्षं नाराज होतो. २०२० साली टाळेबंदीत वाचनालयं बंद पडली आणि ऑक्टोबरच्या १५ तारखेला, नेमक्या वाचन प्रेरणा दिनी, उघडायला परवानगी मिळाली. कुलूप काढलं तेव्हा दारात पहिली उभी होती ती हीच मुलं. घरी दोन खोल्यांत सहा माणसं. त्यांच्यासाठी ऑनलाइन वर्ग म्हणजे फोन कानाला लावून जिन्यात बसणं. त्या दिवसापासून माझी नाराजी गेली. आता मी त्यांना वर जाऊन विचारतो, काय शोधताय? बहुतेकदा ते एकाच शिकवणीची एकच टिपणं वाचत असतात आणि त्यातलं साल चुकलेलं असतं. मग खालून मूळ ग्रंथ वर जातो. आठवड्यातून एक जरी गेला तरी मी खूश असतो.

अनुदानासाठीची तपासणी होते तेव्हा ग्रंथसंख्या मोजली जाते, सभासद मोजले जातात. हा एक ग्रंथ वर गेला, ती पु. लं.ची यादी गटावर गेली, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. रकान्यांवरून आठवलं.

जुन्या दाखलनोंदवहीत शेवटचा रकाना असतो ‘शेरा’. आमच्या वाचनालयाच्या नोंदवह्या संगणकात भरताना सॉफ्टवेअरमध्ये त्याला जागाच नव्हती, म्हणून तो आम्ही सोडून दिला होता. मागच्या उन्हाळ्यात कामासाठी जुन्या वह्या पुन्हा काढल्या आणि सहज तो रकाना वाचत बसलो. ‘सभासदाकडून गहाळ, किंमत वसूल.’ ‘पुरात भिजले, वाळवून ठेवले.’ ‘लेखकाची सही आहे.’ एका चरित्रग्रंथापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं की चार पानं नाहीत. तो ग्रंथ मी अंतरजालावर पाहिला. दुसऱ्या कुठल्या तरी ग्रंथालयातली प्रत स्कॅन केलेली, आणि गंमत म्हणजे तिच्यातही नेमकी तीच चार पानं नव्हती; छापखान्यातच फर्मा चुकला असावा. आमच्याकडे मात्र त्या ग्रंथाची आणखी एक प्रत होती, नंतरच्या छपाईची, पूर्ण. हे त्या वहीत कुणीतरी कित्येक दशकांपूर्वी लिहून ठेवलं होतं.

आम्ही यादीत नवा रकाना उघडला. देवघेवीवरची ती मुलगी टाईप करायला बसली आणि मी वाचून दाखवू लागलो : पृष्ठे ४१ ते ४४ नाहीत, दुसऱ्या प्रतीत आहेत, कपाट सात. ‘दुसऱ्या’पाशी ती थांबली, माझ्याकडे पाहून हसली, आणि मी चष्मा लावून पडद्याकडे वाकलो.